सेराफिनाचा शेवटचा कप

जहाजावर स्वयंपाक करणाऱ्याला आमच्याकडे डॉक्टर म्हणतात. का म्हणतात ते माझ्या हातचं जेवलेल्यांना विचारू नका, ते कृतघ्न लोक आहेत. सेराफिना शर्यती धावत होती त्या सगळ्या वर्षांत मी तिच्यावर डॉक्टर होतो, आणि माझ्या जेवणाने एकही माणूस मेला नाही. शर्यतीनेही कुणी मेला नाही. एक मरता मरता राहिला, त्याचीच ही गोष्ट.

आमचं गाव पिनहाइथ, कोल्न नदीच्या काठावर. समोरच्या काठावर वॉलफर्ड. मधली नदी एवढीशी की तिकडचा माणूस शिंकला तर इकडे ऐकू येतं. पण त्याला ‘देव भलं करो’ म्हणायची आमच्यात पद्धत नाही. दोन्ही गावांचा धंदा एकच. हिवाळ्यात नदीच्या तळातली कालवं खरवडून काढायची आणि उन्हाळ्यात श्रीमंत लोकांच्या शर्यतीच्या बोटी चालवायच्या. एका बोटीवर एकाच गावची माणसं. कप्तान पिनहाइथचा असला की खलाशी पिनहाइथचे, आणि सगळ्यांच्या छातीवर बोटीचं नाव विणलेला निळा लोकरी सदरा. सेराफिना आमची होती. बेलिंडा त्यांची. मालक कोण आहे ते कागदावर काहीही असो, दोन्ही काठांना हे पक्कं ठाऊक होतं.

सेराफिना बांधली गॉसपोर्टला. अमेरिकेतून एक स्कूनर आली आणि आमच्या सगळ्या सरदार-दरकदारांना त्यांच्याच पाण्यात हरवून गेली, त्यानंतर ज्याला त्याला दोन डोलकाठ्यांची स्कूनर हवी झाली होती. तसल्या हौसेत एका लॉर्डने ती बांधून घेतली. काळी, लांब, पाण्याला चिकटून बसलेली, डोलकाठ्या मागे झुकलेल्या. पहिल्या उन्हाळ्यात तिने जे दिसेल ते जिंकलं. पुढे लॉर्डसाहेब तिला पत्त्यांत हरले. मग ती एका विधवा बाईंकडे गेली. बाईंना छातीचा विकार होता, म्हणून सेराफिना त्यांना घेऊन दर वर्षी दूर मदेरा बेटावर जायची, हळूहळू, शिडं अर्धी गुंडाळून. त्या काळात आम्ही सगळे लठ्ठ झालो. बाई देवाघरी गेल्या आणि बोट आर्कवेलसाहेबांनी घेतली.

आर्कवेलसाहेबांचा बुटांच्या पॉलिशचा कारखाना होता. आमच्या डेकवर चामडी बूट घालायला कुणालाच परवानगी नव्हती, अगदी मालकालासुद्धा, कारण नाल लागला की लाकूड खराब होतं. साहेब कापडी जोडे घालून फिरायचे, आणि या गोष्टीवर तेच सगळ्यात आधी हसायचे. भला माणूस होता. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या गावात आजही ते कुणी कबूल करत नाही.

कप्तान होता एलिएझर पुलन. सेराफिना पाण्यात उतरली तेव्हा तो तिच्यावर साधा खलाशी होता, आणि तेव्हापासून तिच्यावरून उतरला नव्हता. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचा, “उन्हाळ्यात मला वेळ नसतो आणि हिवाळ्यात ती एकटी असते.” ती म्हणजे बोट. हिवाळ्यात शर्यतीच्या बोटी आमच्या खाडीच्या चिखलात रुतवून ठेवतात. दर रविवारी प्रार्थना झाली की सगळे घरी जेवायला जात आणि एलिएझर तिला बघायला जाई. माणूस खोटं बोलत नसे. गावात त्याला मान होता तो यासाठीच. मला विचाराल तर एवढा खरेपणा सोसायला आजूबाजूची माणसं दणकट लागतात.

त्याचा धाकटा भाऊ एनॉक. बाप समुद्रात गेला तेव्हा एनॉक पाळण्यात होता, आणि आई त्याच वर्षी गेली. एलिएझरनेच त्याला वाढवला. एनॉक त्याला दादा म्हणायचा आणि त्याच्या डोळ्यांकडे बघून कामं करायचा. दादाने भुवई उचलली की हा डोलकाठीच्या टोकाला पोचलेला असायचा. बोटीवर त्याची जागा सगळ्यात पुढे, बोटीच्या टोकापासून पाण्यावर लांब गेलेल्या वाशावर. तिथे माकडासारखं लटकून पुढची शिडं सोडवायची असतात. घरात त्याची आणि माझी भिंत एकच.

या एनॉकने आयुष्यात एकच काम दादाला न विचारता केलं. तो वॉलफर्डच्या मुलीच्या प्रेमात पडला. तीही साधीसुधी कुणी नाही, बेलिंडाचा कप्तान झेब्युलन हार्कर याची मुलगी टॅबिथा. आमच्या नावाड्याला कळलं तेव्हा त्याने एनॉकला होडीत घ्यायचंच बंद केलं. तेव्हा एनॉक पोहायला शिकला. आमच्यात पोहायला कुणी शिकत नाही. पोहता आलं तर बुडायला जास्त वेळ लागतो, एवढाच काय तो फरक, असं आमचं मत आहे. हा मात्र रविवारची विजार मेणकापडात बांधून डोक्यावर घ्यायचा आणि नदी पोहून जायचा. शेवटी झेब्युलनच कंटाळला. म्हणाला, “हा न्यूमोनियाने मेला तर नाव माझं व्हायचं. घेऊन जा बाबा एकदाची.”

टॅबिथा आमच्या काठावर नांदायला आली. पहिला हिवाळाभर आमच्या बायका तिच्याशी बोलल्या नाहीत. माझी बायको तेवढी बोलायची, कारण भिंत पातळ होती आणि न बोलणं जमलं नसतं.

त्यानंतरच्या वसंतात नाश्त्याची ती गोष्ट घडली.

बोट हार्विचला होती. आर्कवेलसाहेब केबिनमध्ये नाश्त्याला बसले होते. मी उकडलेली अंडी घेऊन आत गेलो तेव्हा एलिएझर टोपी हातात घेऊन दाराशी उभा होता, दिवसाची आज्ञा घ्यायला. आता दिवस एका डोलकाठीच्या कटर बोटींचे आले होते, आणि मागचे दोन उन्हाळे सेराफिना बहुतेक ठिकाणी दुसरी आली होती.

साहेब अंड्याचं टरफल सोलत म्हणाले, “कॅप्टन, बायको म्हणते स्कूनर आता जुनी झाली. या वर्षी हार्विचचा कप मिळाला तर ठेवू या हिला, नाहीतर विकून टाकू. काय म्हणता?”

“ठीक आहे साहेब,” एलिएझर म्हणाला.

“मीठ कुठंय?” साहेब म्हणाले.

मी मीठ दिलं. एवढंच बोलणं झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या खलाशांना कळलं आणि शनिवारपर्यंत सगळ्या पिनहाइथला. सेराफिना गेली तर एलिएझरचं काय होईल, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. तो दुसऱ्या बोटीवर गेला नसता. त्याला दुसरी बोट दिसतच नव्हती. जुलैपर्यंत त्याची विजार कंबरेला सैल झाली. मी त्याच्यासाठी म्हणून खास मनुकांचं पुडिंग केलं, ते त्याने तसंच ठेवलं. मला तेव्हा राग आला होता.

शर्यतीच्या दिवशी सकाळी पूर्वेचा वारा होता, आणि तो वाढत होता. बंदरातून निघायचं, बाहेर समुद्रात नांगरलेल्या दिव्याच्या बोटीला, दीपनौकेला, वळसा घालायचा आणि परत यायचं. आमच्या वर्गात चार बोटी होत्या, पण खरी शर्यत आमची आणि बेलिंडाची.

शर्यतीच्या नियमांत एक नियम असा होता: सुरुवातीला बोटीवर जितकी माणसं, शेवटी तितकीच हवीत. तो का केला त्यालाही कारण होतं. पूर्वी वारा पडला की काही कप्तान वजन कमी करायला चार माणसं वाटेतल्या कोळ्याच्या होडीत उतरवून द्यायचे. तेव्हापासून शेवटी पंच येऊन डोकी मोजायचे. एक कमी भरलं की बोट बाद. का कमी भरलं हे कुणी विचारत नसे.

आणि एक रीत होती, ती नियमांत लिहिलेली नव्हती. शर्यत सुरू झाली की मालकाने बोलायचं नाही. हुकूम एकट्या कप्तानाचा. शर्यतीत मालक म्हणजे वजन, असं एलिएझर म्हणायचा, आणि आर्कवेलसाहेबांना ते मान्य होतं. ते मागे रेलिंगला धरून गप्प बसायचे आणि भिजायचे.

आम्ही सगळे वाऱ्याकडच्या बाजूला डेकवर पालथे पडून होतो. बोट कलंडू नये म्हणून पडावं लागतं. शर्यतीच्या दिवशी स्वयंपाक नसतो. पाव, चीज आणि थंड मांस, तेही पडल्यापडल्या खायचं. दीपनौकेला आम्ही सगळ्यांच्या आधी वळसा घातला. बेलिंडा मागे होती, पण फार मागे नव्हती; बाकीच्या दोन दिसतही नव्हत्या. वारा आता पाठीवर आला आणि सेराफिना घरच्या वाटेला लागलेल्या घोड्यासारखी सुटली. एलिएझरच्या तोंडावर मी कितीतरी महिन्यांनी रंग पाहिला. माझ्या शेजारी पडलेला जोसाया म्हणाला, “डॉक्टर, आज पुडिंग कर. आज खाईल तो.”

तेवढ्यात पुढचं एक शीड अडकलं. एनॉक वाशावर गेला, त्याने ते सोडवलं, आणि शीड फटकन भरलं. त्याच झटक्यासरशी तो खाली गेला. ओरडलासुद्धा नाही. मी वर पाहिलं तेव्हा वाशावर कुणी नव्हतं, आणि बोट त्याच्या बाजूने निघूनही गेली होती.

पाठवाऱ्यावर सगळी शिडं उभी असलेली स्कूनर म्हणजे उतारावरची गाडी. वळवायची म्हटली तर अर्धी शिडं आधी उतरवावी लागतात. आम्ही ओढत होतो, ओरडत होतो, हाताची सालं जात होती. एलिएझर सुकाणूवर होता आणि एकच सांगत होता, “सावकाश. काठी मोडली तर तो गेला.” त्याचा आवाज रोजच्यासारखाच होता.

आम्ही वळेपर्यंत बेलिंडा एनॉकजवळ पोचली होती.

त्या वेळी मला वाटलं ते असं: झेब्युलन आता तसाच पुढे निघून जाणार. गेला असता तर शर्यत त्याची होती, आणि वॉलफर्डच्या माणसाने त्याहून वेगळं काही केल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. पण त्याने सुकाणू फिरवलं. त्याची शिडं फडफडायला लागली, बेलिंडा थांबली, आणि झेब्युलनने स्वतः रेलिंगवर वाकून दोर फेकला. दोर एनॉकच्या हाताशी पडला.

एनॉकने घेतला नाही.

आमच्यात आणि त्यांच्यात आता इतकंच अंतर होतं की बोलणं ऐकू येत होतं. वारा तिकडून इकडे होता.

“अरे घे ना दोर,” झेब्युलन म्हणाला.

“नको सासरेबुवा,” एनॉक पाण्यातून म्हणाला. “तुम्ही व्हा पुढे. आमची बोट येतेय.”

“येतेय कसली. अजून तिथेच शिडं फडफडवत उभी आहे ती. घे म्हणतो ना.”

“तुमच्या बोटीवर चढलो तर आमचं एक डोकं कमी भरेल.”

“तुझं डोकं आहेच कुठे रे?”

“तुम्हाला कप हवाय, म्हणून बोलावताय,” एनॉक म्हणाला. त्याचे दात वाजत होते, तेही ऐकू येत होतं.

झेब्युलनने दोर ओढून घेतला आणि पुन्हा फेकला, या वेळी एनॉकच्या खांद्यावर. एनॉकने तो झटकला. मग बेलिंडाच्या एका खलाशाने लांब काठीची आकडी घेतली आणि त्याचा सदरा धरायला गेला. एनॉकने बुडी मारली आणि दुसरीकडे वर आला. वॉलफर्डची माणसं शिव्या द्यायला लागली. आमच्या डेकवर, सांगायला लाज वाटते, पण आमच्या डेकवर कुणीतरी टाळी वाजवली.

लोकरीचा सदरा भिजला की दगडासारखा होतो. आणि उत्तर समुद्राचं पाणी जुलैतही गार असतं. एनॉक दुसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याचं तोंड निळं पडलं होतं, आणि तो हात हलवत होता ते पोहल्यासारखं दिसत नव्हतं.

तेव्हा आर्कवेलसाहेब उभे राहिले. रीत मोडून ते ओरडले, “एनॉक! धर तो दोर! मी सांगतोय, धर!”

एनॉकने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. साहेबांकडे नाही. सुकाणूकडे.

आणि एलिएझरने नाही म्हणून मान हलवली. अगदी जराशी. मी बघत होतो म्हणून मला दिसली. साहेबही बघत होते.

एनॉक तसाच पाण्यात राहिला.

आम्ही त्याच्यावर येईपर्यंत तो एकदा खाली गेला, आणि पुन्हा वर आला तो डोळे मिटलेला. जोसायाने आकडीने त्याची कॉलर धरली आणि आम्ही चौघांनी त्याला एखाद्या ओल्या गादीसारखा डेकवर घेतला. पिंपावर पालथा घातला, पाणी काढलं, पाठ चोळली. मी त्याच्या तोंडात ब्रँडी ओतली, तीही साहेबांची. बऱ्याच वेळाने तो खोकला. एलिएझरने तोवर शिडं चढवायला सांगितली होती. तो सुकाणूवरून हलला नाही. हलला असता तर बोट कुणी धरली असती, हेही खरंच.

बेलिंडा मात्र अजून तिथेच उभी होती. झेब्युलन रेलिंगला धरून आमच्या डेककडे बघत होता. एनॉक खोकला तेव्हा त्याने टोपी काढली, तोंड पुसलं, आणि मग आपल्या माणसांना शिडं भरायला सांगितलं. तोवर आम्ही बरेच पुढे गेलो होतो. तो का थांबला हे आम्हाला तेव्हा कळलंच नाही. आम्हाला वाटलं, मूर्ख आहे.

आम्ही जिंकलो. शर्यत संपल्याची तोफ झाली, पंच आले, त्यांनी डोकी मोजली. एनॉक घोंगडी गुंडाळून माझ्या भट्टीशी बसला होता, त्याचंही मोजलं. डोकी पूर्ण भरली. डेकवर नाच सुरू झाला. मी पुडिंग चढवलं.

थोड्या वेळाने आर्कवेलसाहेब पुढे खलाशांच्या बाजूला आले. मालक कधी तिकडे येत नाहीत, त्यामुळे नाच थांबला. साहेब एनॉकसमोर उकिडवे बसले.

“तू दोर का घेतला नाहीस?”

“डोकी कमी भरली असती, साहेब.”

“म्हणून?”

एनॉकला प्रश्नच कळला नाही. त्याने दादाकडे पाहिलं. एलिएझर मागेच उभा होता.

साहेब उठले. “कॅप्टन, हा कप एका माणसाच्या जिवाएवढा आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच, साहेब,” एलिएझर म्हणाला. “नाश्त्याला.”

“मी अंडं खात होतो हो.”

“हो साहेब.”

“मी सहज म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. माणूस बुडवून कप आणा, असं मी म्हणालो होतो का?”

“असं कुणी म्हणत नाही, साहेब.”

“तुम्ही मान हलवलीत. मी पाहिलं.”

“हो साहेब.” एलिएझर थोडा विचार करून म्हणाला. आपली बाजू मांडतोय असं त्याला खरोखर वाटत होतं. “पण तो माझा भाऊ आहे, साहेब. परका असता तर नसती हलवली.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, एकेकाकडे, आणि ते मागे निघून गेले. पुडिंग त्या दिवशी कुणीच खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोट विकायला काढली.

एलिएझर दोनदा त्यांच्या घरी जाऊन आला. टोपी हातात घेऊन हॉलमध्ये उभा राहिला. कप मिळाला, माणूस जिवंत आहे, मग काय चुकलं, हे त्याला समजून घ्यायचं होतं. साहेबांनी त्याला चहा दिला. म्हणाले, “तुम्ही माझ्यासाठी पुन्हा असं कराल, कॅप्टन. मला झोप लागत नाही.” एलिएझर परत आला आणि मला म्हणाला, “साहेबांना झोपेचा काहीतरी त्रास आहे.”

सेराफिनाचं पुढचं सगळं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मध्ये विचारायला नको. डेव्हनच्या एका व्यापाऱ्याने ती घेतली, खारवलेला कॉड मासा आणायला. आम्हीच ती त्याच्याकडे पोचवली. त्याने आमच्यादेखत तिच्या डोलकाठ्या तोडून आखूड केल्या आणि साहेबांच्या केबिनमध्ये मीठ भरलं. न्यूफाउंडलंडहून पोर्तुगालला ती बरीच वर्षं मासे वाहत होती, आणि म्हणतात की त्या धंद्यातही सगळ्यांच्या आधी पोचायची. मासे तिला काय कप देणार. शेवटी काठ्याही काढल्या आणि कार्डिफला कोळसा ठेवायचं कोठार केलं तिचं. आता तीही नाही.

डेव्हनहून आम्ही आगगाडीने घरी आलो. टॅबिथा एनॉकच्या घरात नव्हती. माझ्या बायकोने सांगितलं ते असं: झेब्युलनने आधी मुलीला काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं ते त्याच्या खलाशांच्या बायकांनी, बाजारात. एनॉक घरी होता तोवर ती काही बोलली नाही. तो डेव्हनला गेला, आणि तिने चूल विझवली, घर झाडलं आणि होडीत बसून बापाकडे गेली.

एनॉक दोन दिवस नुसता बसून राहिला. मग एलिएझर म्हणाला, “चल, आपण घेऊन येऊ तिला. डॉक्टर, तूही चल. तुझ्या घरच्यांशी ती बोलायची.”

एलिएझर त्याआधी कधी वॉलफर्डच्या काठावर उतरला नव्हता. नावाड्याने त्याच्याकडे पाहिलं आणि वल्ही घेतली.

दार झेब्युलननेच उघडलं. तो कालवं सोलत होता, सुरी हातात होती.

“बोट गेली म्हणे,” तो म्हणाला.

“गेली,” एलिएझर म्हणाला.

“चांगली होती.” हे त्याने मनापासून म्हटलं. मग बाजूला होऊन हाक मारली, “टॅबी, तुझ्याकडे आलेत.”

टॅबिथा दारात आली. तिने एनॉककडे पाहिलं नाही, थेट एलिएझरकडे पाहिलं.

“भावजी, बसा म्हणणार नाही,” ती म्हणाली. “एकच विचारायचंय. त्याला विचारून उपयोग नाही, तो तुमच्याकडे बघूनच सांगणार. म्हणून तुम्हाला विचारते. उद्या पुन्हा बोट मिळाली, आणि पुन्हा तसंच झालं, हा पाण्यात आणि माझ्या बापाचा दोर याच्या हाताशी, तर तुम्ही काय कराल?”

“आता बोटच नाहीये,” एलिएझर म्हणाला.

“असती तर.”

मी त्याच्या मागे उभा होतो. माझ्या मनात आलं, बोल रे बाबा, दोर घे म्हणून सांगेन असं बोल. एवढे चार शब्द. पोरीला दुसरं काही नकोय, ती यायलाच बसलीय. तिची शाल तिच्या हातात होती. एनॉकही दादाकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर असं काही होतं की जे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तोही उत्तराची वाट बघत होता. त्यालाही ते माहीत नव्हतं.

एलिएझरने खूप विचार केला. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“कितीही झालं तरी,” तो म्हणाला, “सेराफिना पहिली होती, टॅबिथा. आम्ही पुढे होतो.”

झेब्युलनने हातातली सुरी खाली ठेवली.

मग एनॉक आमच्या शेजारून निघाला आणि पायरी चढला. टॅबिथा सरकली, त्याला जागा दिली. तो आत गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही, आणि हे त्याला किती जड गेलं असेल ते मला कळत होतं, कारण जन्मल्यापासून तो दादाकडे बघूनच हलत आला होता. टॅबिथाने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

आम्ही दोघं होडीत येऊन बसलो. नावाडी थोडा वेळ थांबला, आणखी कुणी येतंय का बघायला. मग त्याने होडी सोडली. मला त्या क्षणी एलिएझरचा इतका राग आला होता की त्याला नदीत ढकलावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी रडूही येत होतं. तो समोर बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

“एनॉक राहिला,” तो म्हणाला.

“राहिला, कप्तान.”

“येईल का रे तो?”

“नाही,” मी म्हणालो. माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही.

त्याने मान डोलावली, आणि दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरली. आमच्या काठाला होडी लागेपर्यंत त्याने ती सोडली नाही.